सॅलरी, मीठ आणि ‘आधी अभ्यास करा’

प्रतिक्रियेबद्दल आभार. सॅलरी हा शब्द मिठावरून आला खरा, पण रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा याला पुरावा नाही, असं सांगणारा माझा लेख शेवटपर्यंत वाचलात त्याबद्दलही. लेख लांबला, आणि सॅलड, सॉस, सॉसेज यांची मिठाशी असलेली नाती तिथे सांगत बसायची गरज नव्हती, हे मान्य.

पण "रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा हे प्लिनीनेच लिहून ठेवलंय, डिक्शनरीतही आहे, आधी अभ्यास करा मग लिहा" हे जे तुम्ही लिहिलंत ते लागलं. मतभेद असू देत की, पण ही काय बोलायची पद्धत झाली? माझी उमेदीची वर्षं कोशाच्या कामात गेली, एकेका शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी अख्खा दिवस घालवलाय, आणि एका कोशातलं वाक्य पुढच्या कोशांत कसं जसंच्या तसं उतरत जातं ते जवळून बघितलंय. त्यामुळे डिक्शनरीत आहे म्हणजे संपलं, हे निदान मला तरी सांगू नका. 1879 च्या लुइस-शॉर्ट लॅटिन कोशात सैनिकांना ‘मिठासाठी दिलेले पैसे’ असा अर्थ आहेच, पण नीट वाचा, तिथेही पैसेच आहेत, मीठ नाही!

आता प्लिनी, म्हणजे पहिल्या शतकातला रोमन लेखक. त्याच्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या 31 व्या भागात मिठाचं कौतुक चाललंय, त्या ओघात तो म्हणतो की मानमरातब आणि सैन्यसेवेतही मिठाचं नाव शिरलंय, ‘सॅलेरियम’ (ज्यावरून पुढे सॅलरी झालं) हा शब्द त्यावरूनच आला. बस, एवढंच. शब्द मिठावरून आला हे तर मीही लेखात म्हटलंय, मग वाद कशाचा? कुणाच्या हातात पगार म्हणून मीठ ठेवलं असं त्यात कुठे आहे?

साध्या सैनिकाच्या पगाराला स्टिपेंडियम म्हणायचे, आणि पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात तो वर्षाला 225 डिनारियस होता, म्हणजे चांदीची नाणी. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यात पहिल्या शतकातली एक पपायरसची पगारपावती सापडलीय, गायस मेसियस नावाच्या सैनिकाची. हप्ता 50 डिनारियसचा, आणि त्यातून जव, जेवण, बूट, चामड्याचे पट्टे, लिनेनचा अंगरखा असं सगळं कापून घेतलंय. माझ्या दृष्टीने हा कागद शंभर ऐकीव गोष्टींना भारी आहे, कारण तो प्रत्यक्ष पगाराचा हिशेब आहे आणि तो सगळा नाण्यांत मांडलाय. शिवाय सोल्जर हा शब्दच मुळात सॉलिडस या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आलाय, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

बाकी व्हिया सलारिया, म्हणजे रोमहून निघणारा जुना ‘मिठाचा रस्ता’, त्याबद्दलच्या तुमच्या मुद्द्यात दम नाही. रस्त्याला मिठाचं नाव पडलं ते त्यावरून मीठ न्यायचे म्हणून, त्याने पगाराचं काहीच सिद्ध होत नाही. सैनिकाला मीठ मोजून दिल्याचा एक तरी रोमन उल्लेख असेल तर इथेच टाका, मी लेख बदलेन. तोवर लेख आहे तसाच राहील, आणि पुढच्या वेळी जरा नीट बोला.