एका लेव्हलने कमी

काल रात्री एका ऑनलाइन खेळाच्या मोहिमेतून मला बाहेर काढण्यात आले, कारण बॉस नावाच्या बड्या शत्रूच्या गुहेत शिरण्यासाठी पन्नासावी लेव्हल लागते आणि माझी एकोणपन्नासावी होती. काढणारा टीमचा नायक माईकवर बोलत होता. त्याचा आवाज अजून फुटलेला नव्हता, पण बोलण्याची ढब निवृत्तीला टेकलेल्या लेखापालाची होती.

"काका, तुम्ही एका लेव्हलने कमी आहात."

त्याने माझा चेहरा पाहिलेला नव्हता. मी मेसेजमध्ये पूर्णविराम देतो, त्यावरून त्याने ओळखले असावे.

"एकाच लेव्हलने." मी लिहिले.

"प्रत्येक लेव्हल सारखी नसते, काका. पहिली चार उंदीर मारून मिळते. रूनस्केप या खेळात 99व्या लेव्हलला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. मग 92व्या लेव्हलला किती लागत असतील?"

मी काहीच लिहिले नाही.

"65,17,253. म्हणजे ब्याण्णवपर्यंत चढलेला माणूस जेमतेम निम्म्यावर असतो. तुम्ही तर एकोणपन्नासावरच मिरवताय."

"हा खेळ वेगळा आहे." मी लिहिले.

"आकडे वेगळे, काका. चढण तीच." मग त्याने आवाज मऊ केला. "तुम्ही आता झोपा. झोपून उठलात की थोडा वेळ दुप्पट एक्सपी मिळेल."

मला झोपण्याचा सल्ला देणाऱ्या या बालकाला तेव्हा स्वतःला झोप नव्हती, हे नमूद करून मी पुढे जातो. विश्रांतीच्या बोनसची ही युक्ती 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मुळे प्रसिद्ध झाली. 2004 साली तो खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीत सलग खेळत राहणाऱ्याची कमाई काही वेळाने निम्म्यावर येत असे आणि खेळाडू त्यावर भडकले होते. निर्मात्यांनी मग जुन्या निम्म्याला शंभर टक्के आणि जुन्या पूर्णाला दोनशे टक्के म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तेच लोक खूश झाले. दंड होता त्या जागी बक्षीस आले आणि हिशेब जवळजवळ होता तसाच राहिला. असल्या औदार्याचा मला मनस्वी राग येतो.

उंदरांचेही तेच. आपली लेव्हल पुरेशी वर गेली की त्यांची नावे राखाडी होतात आणि त्यांना मारून एक्सपीचा कणही हाती लागत नाही. लेव्हलगणिक गरज वाढते, जुने उत्पन्न आटते, आणि कमावलेली ताकदही फार दिवस मिरवता येत नाही, कारण काही खेळांत शत्रूसुद्धा आपल्याबरोबर लेव्हल चढतात. 'ऑब्लिव्हियन'मध्ये तर वाटमारी करणारे दरोडेखोर पुढे पुढे महागडी काचेची चिलखते घालून हिंडू लागतात. अशी चिलखते परवडत असताना ते प्रवाशांकडे किरकोळ रक्कम मागत बसतात.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आणला, तेव्हा खजिन्यातून सुखरूप आणलेल्या सोन्याच्या नाण्यांचेही एक्सपी मिळत. तो सौदा मला सरळ वाटतो. आता पैसे आपल्या खिशातले जातात आणि त्यांच्या मोबदल्यात एक्सपी वाढवणारा बूस्टर मिळतो. म्हणजे ज्यांनी चढण मुद्दाम उभी ठेवली, तेच पायथ्याशी दोराचे दुकान मांडून बसतात.

माझ्या जागी नायकाने असाच बूस्टरवर पन्नास गाठलेला एक भिडू घेतला. मोहीम सुरू होताच त्या भिडूने मला खासगी मेसेज पाठवला: ढाल कुठल्या बटणाने उचलतात? मी सांगितले, पूर्णविरामासह. त्याचे एक्सपी मिळत नाहीत.