खुलासा : घाणेरी काढायला ‘पर्यावरण मंजुरी’ लागत नाही

‘गौताळा अभयारण्यात घाणेरी काढायला पर्यावरण मंजुरी नाही, म्हणून काम बेकायदा’ हा मेसेज चुकीचा आहे. घाणेरी म्हणजे जंगलात माजणारं परदेशी झुडूप (लँटाना). 2006 च्या पर्यावरण मंजुरी अधिसूचनेच्या यादीत खाणी, धरणं, कारखाने येतात. घाणेरी काढण्यासारखी अधिवास सुधारणा, म्हणजे वन्यजीवांची राहायची जागा सुधारणं, येत नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राची परवानगी लागते. वनसंवर्धनाच्या कामाला नाही.

म्हणजे मोकळं रान नव्हे. अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 29 लागू होतं : काम वन्यजीवांच्या हिताचं हवं, मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना हवा.

विचारायचंच तर पद्धत विचारा. झुडूप फळं धरण्याआधी, मातीखाली तीन-चार सेंटीमीटरवर मूळ तोडून उलटं ठेवावं. नुसतं वरून छाटलं तर दुप्पट फुटतं. जेसीबीने माती उलथली की पडलेलं बी उगवतं. मोकळ्या जागी मारवेल, पवन्या ही गवतं पेरावीत.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.