कपाटाला उतार

पुस्तकांचं कपाट बसलं एकदाचं. आणि त्याच्या ऐन मधल्या खणात आता शेजारच्या काकांचं सन्मानचिन्ह उभंय. सोनेरी गरुडाचं, खाली संगमरवरासारखं काहीतरी. माझे दिवाळी अंक गेले कॉटखाली.

परभणीत आधीच्या भाड्याच्या घरात भिंतीतच कडप्प्याच्या फळ्या होत्या, कितीबी लादा, वाकायचं नाव नाही. नव्या घरात बिल्डरनं नुसती भिंत दिली. मग मिस्त्री लावला, आठ बाय चारची 18 एमएमची प्लायची शीट आणली, त्यावर पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा आयएस 710 चा शिक्का समोर उभं राहून बघितला, नाहीतर सनमायकाखाली पार्टिकल बोर्ड निघतो आणि पावसाळ्यात फुगतो. इथवर ठीक.

काका आले चहाच्या टायमाला. रिटायर कालवा निरीक्षक. खुर्ची ओढून मिस्त्रीच्या पाठीमागंच बसले.

"लेव्हल कशानं बघायलेत?"

मिस्त्रीनं पाणसळ दाखवली.

"बुडबुड्यावर काय इश्वास ठेवता ओ! नळीत पाणी भरा. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर हाय, त्याच्यावर नोकरी काढलेला माणूस हाय मी."

नळी आली. माझ्याच बागेची, हिरवी, आरपार काहीच दिसत नाही अशी. तरी काका एक डोळा मिटून बघत राहिले. मग म्हणाले, "उतारच न्हाई की याला!"

"काका, फळीला उतार कशाला?"

"कामून म्हंजे? बिगर उताराचं पाणी पुढं जाईल का?"

"पुस्तकं जायची नाहीत ओ कुठं, तिथंच राहणारेत."

"तेच तर म्हणायलो मी. साचून राहतेत."

यावर काय बोलणार? मिस्त्री तोंड फिरवून हसत होता, त्याला रोजाचे पैसे मीच देत होतो बरं का. फुटाला काय भाव पडला हे काकांनी त्याच्याकडूनच काढून घेतलं, पुस्तकांनी अडवलेली भिंत बोटांवर मोजली आणि विचारलं, "भाडं देतेत का तुमाला?"

पण एक खरंय, दिवाळी अंक साचतात. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, पण जुने अंक ठेवायचे कुठं ते कुणी सांगितलं नाही. रद्दीत द्यायला जीव होत नाही आणि वाचनालयं घेत नाहीत, त्यांच्याच फळ्या वाकल्यात. आपल्याकडं घराच्या प्लॅनमध्ये टीव्हीची भिंत असते, देवघराचा कोपरा असतो, चपलांचं स्टँडसुद्धा असतं. पुस्तकांचं नाव काढलं की आर्किटेक्ट म्हणतो, नंतर बघू. मग कपाट झालं की सगळ्यांनाच तिथं जागा दिसते.

दुसऱ्या दिवशी काका गरुड घेऊन हजर. "आमच्या शोकेसला मावंना. हितं शोभून दिसंल."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना, मोठं माणूस आहे."

राहिला. आता पाहुणे येतात, खाली कोरलेलं नाव कुणी वाचत नाही, आणि माझंच अभिनंदन करतात, "सर, कधी झाला सत्कार? कळवलं नाही!" पुस्तकांबद्दल आजवर एकानं विचारलेलं नाही.

आणि काका काल परत आले होते. धूळ बसायली म्हणाले गरुडावर, काचेचे दरवाजे लावून घ्या.