माझ्या श्रद्धेबद्दल आधी मला विचारा

आज जेवणाच्या सुट्टीत एका मैत्रिणीने पुन्हा तेच विचारलं. विचारलं कसलं, सुनावलंच. "एवढी शिकलेली तू, बायकांना गप्प बसवणाऱ्या धर्मात राहतेस कशी गं?" वर मोबाईलवर बायबलमधलं वचन काढून नाकासमोर धरलं. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, 14:34: बायकांनी मंडळीत गप्प राहावं.

अगं, ते मला तोंडपाठ आहे! आई संडे स्कूल घ्यायची. तिच्याकडे शिकलेला एक मुलगा पुढे चर्चच्या कमिटीत गेला. ईस्टरच्या उपासनेत आईने संदेश, म्हणजे प्रवचन, द्यावं असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा त्यानेच हे वचन काढलं. "बाई, शास्त्रात असं आहे." स्वतःच्या बाईंना!

आणि तेही ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला. योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय वाचा. शिष्य घरी परतले होते, मरीया मग्दालीया कबरेपाशी रडत थांबली होती. पुनरुत्थित येशूने तिलाच सांगितलं, जा, माझ्या भावांना सांग. तिला पोप ग्रेगरींनी 591 साली प्रवचनात पापी स्त्री ठरवून टाकलं. शास्त्रात त्याला काडीचा आधार नाही. कॅथलिक चर्चने तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला तो थेट 2016 मध्ये.

माझी मैत्रीण आणि तो कमिटीवाला यांचं एकाही गोष्टीवर पटायचं नाही, पण हत्यार दोघांचं एकच. त्याच पत्रात तीन अध्याय आधी, 11:5 मध्ये, बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल धरूनच चालतो. ते कुणी वाचायचं? इफिसकरांच्या पत्रातलं "पत्नींनो, अधीन असा" खणखणीत आवाजात वाचतात. त्याच्या आधीचं "एकमेकांच्या अधीन असा" गिळतात. नवऱ्याने ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करावं, हे आलं की आवाज बसतो.

हो, चर्चने बायकांना दुखावलंय, मान्य. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा क्रूस आहे" म्हणणारे आजही आहेत. तिने चर्चची पायरी चढणं सोडलं, तर मी तिला एका शब्दाने बोलणार नाही.

पण माझी कीव करू नका. मी कुणाच्या धाकाने विश्वास ठेवत नाही. यहुदी ज्यांना टाळत त्या शोमरोनी समाजातल्या बाईशी विहिरीवर भर दुपारी बोलत बसणारा, पायांशी बसून ऐकणाऱ्या दुसऱ्या मरीयेला, मार्थेच्या बहिणीला, चुलीकडे न पिटाळणारा येशू मला माझा वाटतो. इतकं साधं आहे. नाही पटत? नको पटू दे, वाद घाल माझ्याशी. फक्त "तू का मानतेस" हे एकदा नीट विचार, आणि उत्तर संपेपर्यंत थांब.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने वर्गात योहान 20 घेतला. "बातमी सांगायला कुणाला पाठवलं?" पोरं ओरडली, "मरीयेला!" "कुणी पाठवलं?" "येशूने!" तिने ते पुन्हा म्हणायला लावलं, खिडकीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

येत्या ईस्टरला बाईने संदेश द्यावा, हा ठराव यंदा मी मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी खुशाल करा. येताना अकरावा अध्यायही वाचून या.