एअर धरलीय

कालपासून इमारतीत बातमी आहे की आमचं डिशवॉशर नानांनी दुरुस्त केलं. नाना सांगत सुटलेत आणि लोक माना डोलावतायत. लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मलाच ऐकवलं, "नशीबवान आहात हो, असा शेजार मिळायला!" मी "हो ना" म्हणालो. लिफ्टमध्ये भांडायला जागा नसते.

तर झालं होतं असं. मशीन पाणी घेत होतं, घुसळत होतं, सोडत होतं, फक्त तापवत नव्हतं. भांडी तेलकट आत जायची आणि तेलकटच बाहेर यायची, वर ओलीचिंब. शेवटच्या विसळणीचं पाणी गरम असतं म्हणून तर ती वाळतात. साबणाची गोळी अर्धवट विरघळून तळाशी चिकटलेली. काही मशिनं अशा वेळी अडून बसतात, एरर कोड दाखवतात. आमचं सोशिक. गार पाण्यात सगळा कार्यक्रम यथासांग उरकून वर पीं पीं करून बोलावणार, या, झालं! धुणं चालू असताना मध्येच दार उघडलं तर चष्म्यावर वाफ यायला हवी. माझा चष्मा लख्ख.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मशीन बंद करून परत चालू करायला लावलं आणि मग न पाहताच निदान केलं, "सर, बोर्ड बदलावं लागेल," म्हणजे मशीनला हुकूम सोडणारं आतलं सर्किट. कशावरून? "सर, बोर्डच असतं." तक्रार नोंदवली, नंबर दिला, माणूस येईल म्हणाल्या. माणूस आला नाही. नाना आले.

नाना वरच्या मजल्यावर राहतात. ते आमच्याकडे काही मागायला येतात आणि काय मागायला आलो हे विसरून बसतात. मी प्लग काढून, खालची पट्टी उघडून जमिनीवर आडवा पडलो होतो. नानांनी स्टूल ओढलं, माझा टॉर्च उचलला आणि म्हणाले, "तू कर, मी उजेड धरतो."

नाना उजेड मी हात घालतो तिथे धरत नाहीत. त्यांना जिथे बघायचंय तिथे धरतात. मी उजवीकडच्या हीटरच्या वायरी शोधतोय आणि उजेड डावीकडच्या नळीवर.

"यात एअर धरलीय," नाना म्हणाले.

"नाना, पाणी व्यवस्थित येतंय. तापत नाहीये फक्त."

"तेच. एअर."

हे नानांचं ठरलेलं निदान आहे. नळाला एअर, शेगडीला एअर, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यालाही एअरच. मी हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. हीटरवर २३० व्होल्ट, २००० वॉट छापलेलं, म्हणजे हिशेबाने साधारण २६ ओहम रोध यायला हवा. तेवढाच आला.

"किती आला?"

"सव्वीस."

"म्हणजे वाईट?"

"चांगला. हीटर शाबूत आहे."

"मग वायरीत धरली असणार."

"वायरीत हवा कशी धरेल, नाना?"

नानांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की क्षणभर मलाच शंका आली.

मग तापमानाचा सेन्सर. हा गार असताना जास्त रोध दाखवतो आणि तापला की कमी. मुठीत धरून बसलो, आकडा हळूहळू उतरायला लागला. म्हणजे हाही ठीक. तेवढ्यात उजेड गेला. नाना टॉर्च स्वतःच्या चपलेवर मारून अंगठा तपासत होते. "तुटलाय वाटतं," म्हणाले. मी आशेने विचारलं, "कोण?" तर चपलेचा अंगठा.

मला खरं तर नानांचा राग नाही. राग आहे तो पत्र्याच्या कडांचा, ज्यांनी माझी दोन बोटं कापली. जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंनी १८८६ साली या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. नोकरांच्या हातून महागडी भांडी टवकतात म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. भांड्यांची एवढी काळजी घेणाऱ्या यंत्रात उघडणाऱ्याच्या बोटांचा विचार कुणी केलेला नाही. त्यांच्या यंत्रातही पाणी गरमच असायचं, हेही जाता जाता.

शेवटी बोर्ड काढलं. हीटरला वीज देणारी रिले टक् करून वाजायची, हे मी आधीच ऐकलं होतं, म्हणजे हुकूम सुटत होता, पोचत नव्हता. भिंगातून पाहिलं तर तिच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये, म्हणजे पाय बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूत, केसाएवढी गोल चीर आणि कडेला काळपट डाग. बस्स. साडेआठ-पावणेनऊ अँपिअरचा प्रवाह त्या मोहरीएवढ्या ठिपक्यातून. दर धुण्याला तापणार, निवणार, तापणार, निवणार, आणि एक दिवस तडकणार. हे बनवणाऱ्याला ठाऊक नसेल? तिथे अंमळ जाड सोल्डर घालायला काय जात होतं? पण मग बोर्ड कोण विकत घेणार! अख्खं बोर्ड बदला, जुनं कचऱ्यात टाका, आणि त्याला नाव सर्व्हिस. काही मशिनांत तर हीटर पंपातच बसवलेला असतो, तो गेला की धडधाकट पंपही त्याच्याबरोबर सती.

जुनं सोल्डर खेचून काढलं, नवं भरलं. या वेळी उजेड बरोबर जागी होता, कारण टॉर्च मी दातांत धरला होता. सगळं जोडून मशीन लावलं आणि थोड्या वेळाने दार उघडलं. चष्मा पांढराफटक.

"गेली बघ एअर," नाना म्हणाले आणि बातमी घेऊन वर गेले.

आज सकाळी कंपनीचा मेसेज आला, आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. मी एक तारा दिला. पाचच मिनिटांत फोन. एरवी रांगेत वाट बघायला लावतात, तो फोन!

"सर, तुम्ही एकच स्टार दिलाय. मशीनमध्ये नक्की काय प्रॉब्लेम होता?"

रिले, चीर, अँपिअर, सगळं ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "एअर धरली होती."

"ओके सर," बाई टाइप करत म्हणाल्या, "नोंद केलीये."