बॅटरीत एप्सम सॉल्ट टाकू नका, आणि चालू गाडीचं टर्मिनल तर मुळीच काढू नका

‘बॅटरीवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय. गाडीची बॅटरी घरीच तपासा, घरीच जिवंत करा, नव्या बॅटरीचे पैसे वाचवा. असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण परवा नाशिकहून मामाचा फोन आला: ‘अगं, दहा नंबरचा पाना घेऊन उभा आहे. निगेटिव्ह काढताना गाडी चालूच ठेवायची ना?’ विजेचं बिलसुद्धा दोनदा पडताळून पाहणारा माणूस! त्यालाही हे पटलं असेल तर गप्प बसण्यात अर्थ नाही.

मामा करायला निघाला होता तो मेसेजमधला पहिला सल्ला. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं; गाडी चालू राहिली तर आल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारा भाग) ठीक, दोष बॅटरीचा. जुने मेकॅनिक हे करायचे, मान्य. फियाट-अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यात ते खपूनही जायचं, कारण त्या गाड्यांत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), ब्रेकची एबीएस यंत्रणा, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग अशी सगळी मॉड्यूल त्याच तारांवर बसलेली असतात. बॅटरी नुसती वीज साठवत नाही, व्होल्टेजचे चढउतारही पोटात घेते. चार्जिंग चालू असताना तिला एकदम तोडलं की आल्टरनेटरला तेवढ्या वेगानं आवरतं घेता येत नाही आणि व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या चाचण्यांसाठी आयएसओ १६७५०-२ हे मानक आहे. आल्टरनेटरमध्ये संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत हा झटका ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत धरावा, असं त्यात आहे. संरक्षण असलं तरी ३५ व्होल्ट. बॅटरीचे काही हजार वाचवायला ईसीयू पणाला लावायचा! बरं, एवढं करून कळतं काय? कमकुवत आल्टरनेटरवरही गाडी थोडा वेळ चालू राहू शकते आणि चांगल्या आल्टरनेटरवरही बंद पडू शकते. म्हणजे परीक्षाही खोटीच.

चार-पाचशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, दोन्ही टर्मिनलांवर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की उतरलीच समजा. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी त्या क्षणी साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत पावणेचौदा ते साडेचौदा दिसायला हवेत. दिसले, तर आल्टरनेटर काम करतोय. एकही पाना लागला नाही.

आता एप्सम सॉल्ट. मेसेज सांगतो की कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते विरघळवा, सहाही सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांत, ओता आणि रात्रभर चार्जिंगला लावा, बॅटरी नव्यासारखी! एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आपले बागायतदार खत म्हणून टाकतात तेच. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. महिनोन् महिने तशीच पडू दिली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते हलत नाहीत. या सल्फेटवर उपाय काय, तर आणखी सल्फेट!

हे खूळ नवं नाही. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची पूड विकली जायची. तिच्यात मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेटच होतं. तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेनं पूड घातलेल्या आणि न घातलेल्या बॅटऱ्या सारख्याच रीतीनं तपासल्या. फरक शून्य. विक्रेत्यानं राजकारण्यांकडे दाद मागितली. प्रकरण एवढं पेटलं की १९५३ मध्ये वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी ब्यूरोचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला. शास्त्रज्ञ खवळले, अ‍ॅस्टिन यांना परत घ्यावं लागलं, आणि त्याच वर्षी नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनं ब्यूरोच्या चाचण्या बरोबर ठरवल्या. त्याआधी ‘आमची बॅटरी सुधारली’ अशी पत्रं देणारे ग्राहक मात्र ढिगानं होते. ते खोटं बोलत नव्हते. मेसेजमधल्या कृतीतलं शेवटचं वाक्य बघा: रात्रभर चार्जिंगला लावा. बॅटरी उठते ती चार्जरमुळे, श्रेय जातं मिठाला.

यातला खरा घातक भाग पुढेच आहे. ‘बॅटरी सीलबंद असेल तर ड्रिलनं सहा भोकं पाडा.’ चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेतो. ड्रिलच्या मोटरमध्ये ठिणग्याच ठिणग्या. खाली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, वर वाकून बघणारा तुमचा चेहरा. एवढंच सांगते.

मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी फार वेळ घेण्यासारख्या नाहीत. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या टाकल्या की त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि ते प्लेटांच्या शिशालाच खातं. पातळी कमी झाली तर अ‍ॅसिड घालायचं नाही. उडून गेलेलं असतं ते पाणी, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. फरशीवर ठेवल्यानं बॅटरी उतरते हे लाकडी पेट्यांच्या काळातलं; आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीनं काही होत नाही. ‘रोज दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा’ हेही निरुपयोगी. जागेवरच्या मंद फेऱ्यांत आल्टरनेटर फार काही देत नाही, आणि सेल्फनं खाल्लेलं भरून निघेपर्यंत तुम्ही किल्ली फिरवून वर जाता. चांगली तास-अर्धा तास चालवा, किंवा चार्जर लावा.

चार्जर लावणार असाल तर आपोआप बंद होणारा घ्या. ३५ अँपिअर-अवरच्या (ही बॅटरीची साठवणक्षमता) बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट पुरे. पूर्ण उतरलेली असेल तर दहा-बारा तास लागतील. आधी चिमटे, मग स्विच. बॅटरी बाल्कनीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. घरच्या इन्व्हर्टरला ती जोडू नका. त्याचा करंट दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या हिशेबाचा असतो. पूर्ण चार्ज करूनही मीटर साडेदहाच दाखवत असेल तर एक सेल गेला, बॅटरी बदला.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र नाइलाजानं मान्य करते. नुसत्या चार्जिंगनं भागणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी बॅटरी गळ्यात मारणारे दुकानदार आहेत, आणि कमी नाहीत. गाडी महिनाभर उभी राहिली तर चांगली बॅटरीही उतरते: बंद गाडीसुद्धा ५० मिलिअँपिअरपर्यंत खाते, म्हणजे दिवसाला जवळजवळ सव्वा अँपिअर-अवर. अशा वेळी आधी पूर्ण चार्ज करून घ्या, मग दुकानात लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तिचा दम तपासणारं यंत्र) लावायला सांगा आणि आकडा स्वतः बघा. दाखवायला कां-कूं केली तर पुढच्या दुकानात जा.