‘वकील हटवा, सैन्य मोकळं करा’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो वेगवेगळ्या ग्रुपांवरून चारदा आला. वर रायफल रोखलेला जवान, खाली तिरंगा. म्हणणं असं : अमेरिकेने सैन्यातले वकील घरी पाठवले, आपण कधी पाठवणार? आपल्या जवानाने गोळी झाडली की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर खटला. नियम सगळे मानवाधिकारवाल्यांनी लादलेले. एसीत बसलेला जॅग (जज अॅडव्होकेट जनरल, म्हणजे सैन्याच्या कायदा शाखेचा) अधिकारी कमांडरला हुकूम सोडतो. एकदा का सैन्याला कायद्यातून मोकळं केलं की बघा!

एकेक घेऊ.

अमेरिकेचं अर्धंच खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथले संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी लष्कराच्या आणि हवाई दलाच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांना हटवलं. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमात अडथळे नकोत, असं कारण दिलं. म्हणजे गेले ते वरचे. सैन्यातले बाकीचे वकील आहेत तिथेच आहेत. फॉरवर्डमध्ये पुढची गोष्ट नाही. २ सप्टेंबर २०२५ला अमेरिकी सैन्याने कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थ नेणारी म्हणून एक बोट उडवली, ११ जण मेले. पहिल्या माऱ्यातून वाचलेल्या दोघांवर दुसरा मारा झाला, हे नोव्हेंबरअखेर बाहेर आलं. व्हाइट हाउस म्हणतं, सगळं कायदेशीर होतं. पण उघडउघड बेकायदा हुकूम म्हणजे काय, हे समजावताना त्यांच्याच युद्धकायद्याच्या नियमपुस्तिकेत जे उदाहरण दिलंय, ते आहे फुटलेल्या जहाजावरच्या असहाय माणसांवर गोळीबार करण्याचं.

आता ‘दुसऱ्या दिवशी खटला’. १९५८च्या अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं कलम ६ सांगतं की, सरकारने ‘अशांत’ जाहीर केलेल्या क्षेत्रात या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जवानावर खटला चालवता येत नाही. २०१८च्या जानेवारीत सरकारने राज्यसभेत आकडे दिले : जम्मू-काश्मीरमधून (तिथे १९९०चा वेगळा अफ्स्पा, तरतूद अशीच) २००१पासून अशा परवानगीसाठी ५० प्रकरणं आली, ४७ नाकारली, ३ प्रलंबित. दिलेली परवानगी : शून्य.

आकड्याने समजत नसेल तर ओटिंग बघा. ४ डिसेंबर २०२१, शनिवारची संध्याकाळ. नागालँडच्या मोन जिल्ह्यात तिरूच्या कोळसा खाणीतले आठ मजूर पिकअपमध्ये बसून घरी निघाले होते. वाटेत लष्कराच्या २१ पॅरा या कमांडो दलाच्या तुकडीने दबा धरलेला. अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या, सहा जण मेले. संतापलेल्या गावकऱ्यांशी झटापट झाली, पुन्हा गोळीबार. दुसऱ्या दिवसापर्यंत १४ नागरिक आणि एक जवान गेला. चूक झाली हे सरकारने संसदेत मान्य केलं. राज्य पोलिसांनी एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने परवानगी नाकारली, सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. पुढे कधी परवानगी मिळालीच तर दार उघडं ठेवून. कुठली कोर्टाची पायरी आणि कुठलं काय!

‘नियम बाहेरच्यांनी लादले’ या वाक्याचा मात्र मला खरंच राग येतो. जमाव पांगवताना लष्करी अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरावं, हे आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९मध्ये आहे. त्याआधी १९७३च्या संहितेत होतं, आणि त्याहीआधी इंग्रजांच्या १८९८च्या संहितेत. म्हणजे डायरच्या वेळीही ते पुस्तकात होतंच. जालियनवाला बागेत त्याने सूचना न देता दहा मिनिटं गोळीबार केला, १६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर त्याची साक्ष झाली, तेव्हा समितीवर मुंबईचे वकील सर चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी शांतपणे विचारलं, रस्ता रुंद असता आणि चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या, तर मशीनगन चालवली असती का? डायर म्हणाला, बहुधा हो. ‘कायद्यातून मोकळा’ कमांडर कसा बोलतो, ते असं.

अफ्स्पाबाबतही तेच. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हा कायदा वैध ठरवला. त्याच निकालात ‘काय करावं, काय करू नये’ अशी एक यादी बंधनकारक ठरवली : आधी इशारा द्या, किमान बळ वापरा, पकडलेल्याला लवकरात लवकर पोलिसांकडे द्या. ही यादी लष्कराच्या मुख्यालयाची स्वतःची होती. २०१६मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित (आपले सोलापूरचे) यांनी सांगितलं की अशांत क्षेत्रातसुद्धा प्रमाणाबाहेर बळ वापरायची मुभा नाही.

राहिला जॅग. आधी तो आहे कोण? कायद्याचा पदवीधर, सैन्याच्या निवड मंडळातून (एसएसबी) निवडलेला, चेन्नईच्या अकादमीत इतरांसारखंच प्रशिक्षण घेतलेला, गणवेशातला अधिकारी. लष्करी कायद्याची संस्था आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. तो सल्ला देतो. निर्णय कमांडरचा. कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या न्यायालयात, तो जज अॅडव्होकेट म्हणून बसतो, कायदा समजावतो. मत देण्याचा अधिकार त्याला नाही. कोर्टाने दिलेला निकालही वरच्या अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय लागू होत नाही, आणि तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. यात हुकूम सोडणारा वकील कुठे दिसला?

उलट माझी तक्रार आहे की आपला जॅग पुरेसा स्वतंत्र नाही. खटला भरायचा का, याचा सल्ला त्याच शाखेचा. खटल्यात बसणार त्याच शाखेचा अधिकारी. निकाल तपासणारेही तेच. आरोपीपेक्षा कनिष्ठ हुद्द्याचा जज अॅडव्होकेट चालणार नाही, एवढी साधी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला २०००मध्ये गिल खटल्यात सांगावी लागली. कॅप्टन मेजरसमोर किती ताठ बसेल, हे कुठल्याही हवालदाराला विचारा.

त्याच वर्षी मार्चमध्ये काश्मीरच्या पथरीबलमध्ये पाच गावकरी ‘परदेशी अतिरेकी’ म्हणून मारले गेले. सीबीआयने लष्करातल्या पाच जणांवर आरोपपत्र ठेवलं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करालाच विचारलं, नागरी न्यायालय हवं की कोर्ट मार्शल? लष्कराने स्वतःची वाट निवडली आणि जानेवारी २०१४मध्ये पुरावा नाही म्हणून फाइल मिटवली. खटला उभाच राहिला नाही.

आणि जवानाचं काय? लष्कर कायदा १९५०चं कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण त्यात शब्द आहे ‘कायदेशीर’ हुकूम. तो शब्द जवानासाठी आहे. कायदा काढलात तर वरिष्ठाच्या चुकीची गोळी जवानाच्याच नावावर. कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा झालेल्या जवानाला अपील करायला जागाच नव्हती. १९८२मध्ये बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर नाराजी नोंदवली, तरी सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू व्हायला २००९ उजाडलं. आता मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. तिथे दाद मागायला येतात ते सैनिकच, पेन्शन अडली म्हणून, बडतर्फी चुकीची म्हणून.

फॉरवर्डच्या शेवटी मागणी आहे : जॅग शाखाच बंद करा. लष्कर कायद्याचं कलम १२९ सांगतं की जनरल कोर्ट मार्शलला जॅग शाखेचा, नाहीतर निदान तिने मान्य केलेला जज अॅडव्होकेट हजर असलाच पाहिजे. शाखा बंद झाली तर जनरल कोर्ट मार्शलपुढे गद्दारीचा खटलासुद्धा बसवता येणार नाही.